थांबलाय की विसरलाय?

घाई नसेल तेव्हाच हे वाचा. नाटकाला निघालेला माणूस तिसऱ्या घंटेच्या आत खुर्ची गाठायच्या गडबडीत असतो. आपल्याला आज मागे जायचं आहे, प्रयोगाच्या महिना-दीड महिना आधीच्या एखाद्या संध्याकाळी, जिथे घंटा नाही, पडदा नाही, तिकीट काढून आलेलं कुणी नाही.

वाशीतल्या एखाद्या सोसायटीचा हॉल डोळ्यांपुढे आणा. नवी मुंबईत असे हॉल सेक्टरागणिक सापडतात. ट्यूबलाइट, आवाज करणारे पंखे, कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवाचा न काढलेला बॅनर. सात वाजलेत. तालीम साडेसातची आहे, म्हणजे आठला सुरू होईल. एकटी एक बाई आली आहे. तिनं पिशवीतून मापाची टेप काढली, खडू काढला आणि ती जमिनीवर उकिडवी बसली.

तिच्याकडे नका बघू. ती काय आखते आहे ते बघा.

आधी एक मोठा चौकोन. इतका रंगमंच, याच्या बाहेर विंग. मग आत एक तिरकी रेघ, ती बैठकीच्या खोलीची भिंत. रेघेत फूट-दोन फुटांची मोकळी जागा, ते स्वयंपाकघराकडे जाणारं दार. दोन खुर्च्या जोडल्या, सोफा झाला. एक खुर्ची उलटी ठेवली, फोनचं टेबल झालं. खिडकीसाठी काहीच नाही, नुसती दोन टोकांना दोन फुल्या. पहिले काही दिवस नट या भिंतींतून आरपार चालत जातात आणि ती बसल्या जागेवरून म्हणते, "भिंतीतून आलास." मग तो हसतो, मागे जातो, दारातून येतो. असं दहा-बारा वेळा झालं की पुढे कुणी खडूची रेघ ओलांडत नाही. सकाळी झाडूवाली सगळं पुसून टाकते. संध्याकाळी ती पुन्हा आखते. रंगीत चिकटपट्टी लावली तर सोसायटीच्या कमिटीचं पत्र येतं, फरशी खराब होते म्हणून.

इथे जरा थांबा. तुम्ही आत्ता ज्या खोलीत बसला आहात तिचं दार आत उघडतं की बाहेर? मान न वळवता सांगा. कडी कुठल्या हाताला येते? खिडकीतून आत येणारा उजेड या क्षणी कुठल्या वस्तूवर पडतो आहे? बहुतेकांना यातलं एखादंच सांगता येईल. आपण आपल्या घरात राहतो, त्याची दखल घेत नाही. त्या बाईला मात्र एका अशा घराची प्रत्येक कडी माहीत आहे, जे अजून सुतारानं बांधायला घेतलेलं नाही.

तिच्या कामाला आपल्याकडे एकच एक ठरलेलं नाव नाही. जाहिरातीत आणि श्रेयनामावलीत कधी 'रंगमंच व्यवस्था' असतं, कधी 'दिग्दर्शन सहाय्य', कधी 'विशेष सहाय्य' या गोणीत तीही असते. व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत तळाशी जो 'सूत्रधार' छापलेला असतो तो बहुधा तारखा, थिएटर, बस आणि हिशेब बघणारा माणूस. स्टेज मॅनेजर म्हणून परदेशांतल्या मोठ्या थिएटरांत जो असतो, म्हणजे तालमीच्या पहिल्या दिवसापासून वही धरणारा आणि प्रयोगात प्रकाशाचा नि संगीताचा प्रत्येक क्यू स्वतः देणारा, तो आपल्याकडे तीन-चार माणसांत वाटला गेलेला आहे. हौशी संस्थेत तर ज्याला भूमिका मिळाली नाही त्याच्या गळ्यात हे पडतं. आणि खरं सांगायचं तर त्या माणसाला हे काम समजतंय की नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळतं. ज्याला समजत नाही तो मोबाइल बघतो.

आता मंडळी यायला लागली आहेत. कुणी बेलापूरच्या ऑफिसातून, कुणी महापेच्या कंपनीतून, कुणी मार्केटमधला दिवस संपवून. 1992 साली रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली आणि मग या शहराची नाटकवेडी माणसं हार्बरच्या वेळापत्रकात अडकली. पनवेलहून येणाऱ्याला शेवटची गाडी सांभाळायची असते, ठाण्याच्या मुलीला ट्रान्स-हार्बर. रविवारी मेगाब्लॉक. त्यात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुतेक वर्षी दिवाळीच्या मागेपुढे येते, म्हणजे तालमी नेमक्या गणपती-नवरात्रात, जेव्हा हॉल आरतीला आणि गरब्याला दिलेले असतात. हे सगळं तिच्या डोक्यात असतं. कुठला प्रवेश आधी घेतला तर ठाण्याची मुलगी साडेनऊला सुटेल, हे दिग्दर्शकाला तिनं आधीच सांगून ठेवलेलं असतं, आणि तेही ती त्याचीच कल्पना आहे असं त्याला वाटेल अशा बेतानं.

आणि रोज कुणीतरी येतच नाही.

न आलेल्याच्या जागी ती उभी राहते. याला तालमीत प्रॉक्सी म्हणतात. या क्षणाजवळ सावकाश जाऊ, कारण तो दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. तिच्या हातात संहिता आहे, समोर नायिका रडवेली उभी आहे, आणि हिला बापाची वाक्यं म्हणायची आहेत. तिनं अभिनय केला तर पंचाईत. उद्या खरा बाप येईल तेव्हा नायिकेच्या कानात हिचा सूर बसलेला असेल. अगदीच पुटपुटली तरी पंचाईत, कारण मग समोरचीला धडकायला काही उरत नाही. तिला वाक्य नेमक्या वेळी, नेमक्या जागी, स्पष्ट म्हणायचं असतं आणि त्यात स्वतःचं काही मिसळायचं नसतं.

करून बघा. कुणीतरी तुम्हाला काल बोललेलं एखादं वाक्य घ्या, लागलेलं असलं तरी चालेल. ते मनात जसंच्या तसं म्हणा. त्या माणसाची नक्कल नको, तुमची चीड नको, तुम्ही तेव्हा काय उत्तर द्यायला हवं होतं तेही नको. नुसते शब्द, त्याच क्रमानं, त्याच वेगानं. दोन-तीन वेळा म्हणा. मन किती चटकन त्यात आपला रंग ओततं ते बघा, आणि रंग ओतला गेला की रागावू नका, पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करा. ती हे रोज करते. तिला कुणी याला साधना वगैरे म्हटलं तर ती म्हणेल, पुढचं वाक्य कुणाचं आहे?

मग ती जागेवर परत येते आणि वही उघडते.

वहीत एका बाजूला संहितेचं पान चिकटवलेलं, समोरचं पान कोरं. त्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं सगळं उतरत जातं. कोण कुठून आलं, कुठल्या शब्दावर उठलं, पाण्याचा पेला कुठल्या हातात होता आणि कुठे ठेवला, छत्री कुणी नेली. उजवं-डावं नटाच्या बाजूनं लिहायचं, नट प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असताना त्याचा जो उजवा तो उजवा. ती स्वतः समोर बसलेली, त्यामुळे तिला दिसणारी प्रत्येक बाजू उलटी करूनच कागदावर जाते. काही दिवसांनी हे उलटं करणं तिच्या हाताला आपोआप यायला लागतं. समोर बसून समोरच्याच्या उजव्याला उजवं म्हणणं, हे मला या कामातलं सगळ्यात सुंदर कलम वाटतं, पण त्यावर प्रवचन नको.

पेन्सिल का, तर दिग्दर्शक बदलतो. आज नायक सोफ्यावरून उठून खिडकीशी जातो, उद्या तो जागचा हलत नाही, परवा खिडकीच नको असं ठरतं. ती खोडते, लिहिते. पूर्ण खोडत मात्र नाही. हलकं खोडते, खालचं वाचता येईल असं. कारण पंधरा दिवसांनी दिग्दर्शक कपाळाला हात लावून विचारणार असतो, "इथे मध्ये एकदा काहीतरी फार छान झालं होतं. काय केलं होतं आपण?" तेव्हा ती पान उलटते आणि सांगते.

तालमीत बाकी सगळ्यांना विसरायची मुभा हवी असते. नटाला कालचं विसरून आज नवं काही करून बघायचं असतं. दिग्दर्शकाला आपलाच निर्णय मोडून बघायचा असतो. एकानं सगळं धरून ठेवलंय ही खात्री असल्याशिवाय बाकीचे हात सोडत नाहीत. तिच्या आठवणीवर त्यांचं धाडस उभं असतं, आणि हे त्यांच्या बहुधा लक्षातही येत नाही. चांगली वही असलेल्या तालमीत वाद कमी होतात. वही नसली की "मी तर काल असंच केलं होतं" यावर अर्धा तास जातो.

ही कला जुनी आहे आणि जगभर आहे. शेक्सपिअरच्या काळातल्या लंडनमध्ये नाटकातल्या प्रवेशांची नि पात्रांच्या येण्याजाण्याची यादी एका मोठ्या पुठ्ठ्यावर लिहून रंगपटात टांगून ठेवत. अशा मोजक्याच याद्या उरल्या आहेत. त्यांतली एक तिथल्याच डलिच कॉलेजात आहे आणि तिला वरच्या बाजूला खुंटीवर अडकवायचं भोकसुद्धा आहे. चारशे वर्षांत नाटककारांची बहुतेक मूळ हस्तलिखितं हरवली आणि कोण कधी आत जाणार एवढं सांगणारा हा पुठ्ठा राहिला, याची मला गंमत वाटते.

आता या संध्याकाळच्या सर्वांत महत्त्वाच्या क्षणाकडे येऊ. तिसरा आठवडा. पाठांतर झालंय असं सगळे म्हणतात, म्हणून संहिता हातातून काढून घेतल्या आहेत. आता हॉलमध्ये एकच संहिता उघडी आहे, ती तिच्या मांडीवर. नायक बोलतोय. बोलता बोलता तो थांबतो.

तो थांबलाय की विसरलाय?

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. माणूस गप्प उभा आहे, नजर कुठेतरी. तो जर थांबला असेल आणि तिनं वाक्य टाकलं, तर गेले आठ दिवस तो ज्या विरामाचा शोध घेत होता तो तिनं मोडला. तो विसरला असेल आणि ती गप्प राहिली, तर दोन सेकंदांत त्याच्या चेहऱ्यावर भीती येईल, समोरचीचा सूर पडेल, आणि प्रवेश पुन्हा पहिल्यापासून. तिच्याकडे ठरवायला एका श्वासाइतका वेळ असतो.

तुम्हीही त्या श्वासात थांबा. आत घेतलेला श्वास अजून बाहेर सोडलेला नाही. काही करायचं नाही, फक्त ऐकायचं. पंख्याचा आवाज. खाली रस्त्यावर रिक्षा. त्या माणसाचे खांदे. अनुभवी माणसं सांगतात की विसरलेल्या नटाचे डोळे हलतात, वर जातात, जणू वाक्य छतावर लिहिलंय. थांबलेल्या नटाचे डोळे समोरच्या माणसावरच असतात. कुणी सांगतं, विसरलेल्याचा श्वास अडकतो. कुणी सांगतं, बोटं हलतात. प्रत्येक नटाची खूण वेगळी, आणि ती खूण शिकायला तीन आठवडे त्याला रोज बघावं लागतं. कौतुकानं नाही आणि खोट काढायलाही नाही, नुसतं बघावं लागतं.

आणि ओळ द्यायचीच झाली तर किती? सगळं वाक्य नाही. पहिले दोन शब्द. तेही त्याच्या सुरात, बाकीच्यांना टोचणार नाही अशा आवाजात. काही नट पहिला शब्द दिला की चिडतात, त्यांना त्यातला मुख्य शब्द हवा असतो. काहींना फक्त ओठ हललेले दिसले तरी पुरतं. हे तिनं कुणाला विचारलेलं नसतं, चुकत चुकत तिला कळलेलं असतं.

घरी, ऑफिसात, फोनवर समोरचं माणूस बोलता बोलता गप्प होतं तेव्हा आपण काय करतो ते या निमित्तानं जरा आठवा. बहुतेक वेळा आपण त्याचं वाक्य पुरं करून टाकतो. काय करावं याचा सल्ला इथे नाही. नुसती ती गप्प झालेली माणसं एकेक करून डोळ्यांपुढे येऊ देत. त्यांतलं कोण थांबलं होतं आणि कोण विसरलं होतं?

कालिदासाच्या शाकुंतलाची प्रस्तावना या संदर्भात मला नेहमी आठवते. सूत्रधार नटीला ग्रीष्माचं गाणं म्हणायला सांगतो, ती गाते, आणि तो त्यात इतका रमतो की आपण आज कुठलं नाटक करणार आहोत हेच विसरतो. नटी त्याला आठवण करून देते. पुढे सगळ्या नाटकात विसरणं आणि आठवणं हाच घोळ होणार आहे, त्याची चुणूक म्हणून हे पंडितांनी कौतुकानं सांगितलेलं आहे. पंडितांचं म्हणणं मान्यच आहे. तालमीच्या बाजूनं बघणाऱ्याला मात्र त्यात आणखी साधी गोष्ट दिसते. ज्याच्यावर सगळं लक्षात ठेवायची जबाबदारी आहे तोच गाण्यात विरघळला, आणि शेजारी एक होती जी गातही होती आणि तिला लक्षातही होतं. गाताना लक्षात राहणं, हे त्या नटीचं खरं कौशल्य. आपल्या हॉलमधलीही नाटकात रमतेच. चौथ्या आठवड्यातल्या एखाद्या रात्री नायिकेचं स्वगत ऐकताना तिचे डोळे भरून येतात. पण पेन्सिल त्याच ओळीवर असते.

तिच्या गळ्यात किंवा मोबाइलमध्ये एक स्टॉपवॉचही असतं. अंक सुरू झाला की चालू, संपला की बंद, आकडा वहीत. यात मनन करण्याजोगं काय आहे असं वाटेल. पण नाटक जसजसं नटांच्या अंगात मुरतं तसतसं ते लांबतं. विरामांची चव लागते, हशाची जागा धरून ठेवावीशी वाटते, रडणं अर्धा मिनिट जास्त चालतं. आतून नटाला वाटतं, आज काय रंगलं! ती आकडा सांगते, कालच्यापेक्षा चार मिनिटं जास्त. नटाला ते आवडत नाही. स्पर्धेत वेळेची मर्यादा असते, तिथे तर ते आकडे दिग्दर्शकही ऐकतो. आपल्या रंगण्याचा असा कुणीतरी मोजलेला आकडा प्रत्येकाजवळ असायला हवा, असं मला कधीकधी वाटतं; रोज मात्र नको.

पडद्यामागच्या माणसांवर लिहिताना लेखणी फार लवकर हळवी होते, म्हणून एक रुक्ष गोष्ट. व्यावसायिक नाटकात पडद्यामागच्या कामगाराचा पैसा नाइटवर ठरतो. प्रयोग झाला तर नाइट, नाही झाला तर नाही. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा या माणसांचं उत्पन्न एका दिवसात थांबलं आणि नाट्य परिषदेला आणि कलावंतांना मदत गोळा करावी लागली. अदृश्य राहण्यात आनंद असतो हे खरं. तो आनंद घरभाडं भरत नाही, हेही तितकंच खरं.

कधीतरी न्यायही होतो. 'आविष्कार' या संस्थेचे अरुण काकडे आयुष्यभर संघटक आणि पडद्यामागचे कार्यकर्ते म्हणून वावरले. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जी प्रायोगिक नाटकांची चळवळ फुलली, तिथे रोजची जुळवाजुळव करणाऱ्यांत ते होते. सगळे त्यांना काकडेकाका म्हणत. 2014 साली पंढरपूरच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. नट, नाटककार, दिग्दर्शक यांच्या रांगेत तो मान व्यवस्था बघणाऱ्या माणसाकडे गेला.

आता हॉल सोडायची वेळ आली. रंगीत तालमीसाठी सगळं सामान वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात हलणार आहे. भाव्यांचं नाव या इमारतीला आहे हे आपल्या विषयाला चांगलंच जुळतं. 5 नोव्हेंबर 1843 ला सांगलीत संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांसमोर त्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा पात्रांच्या हाती लिहिलेले संवादच नव्हते. पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्या अनुषंगानं आपली वाक्यं ऐनवेळी बोलायची. म्हणजे नाटक धरून ठेवणारा माणूस सगळ्या प्रेक्षकांदेखत रंगमंचावर उभा असायचा, शेवटपर्यंत. पुढे संवाद लिहिले जाऊ लागले, नटांकडे गेले, आणि धरून ठेवणारा हळूहळू विंगेत सरकला.

तीही आज विंगेत सरकते. सकाळपासून ती रंगमंचावर टेप घेऊन फिरते आहे. हॉलमधला चौकोन आणि इथली मापं यांत फरक आहे, त्यामुळे नायकाचं चार पावलांचं अंतर आता साडेपाच पावलांचं झालंय आणि त्या जास्तीच्या दीड पावलात त्याला काहीतरी करायला हवं. जमिनीवर ठिकठिकाणी बारीक पट्ट्या लागतात, अंधारात सोफा परत तिथेच यावा म्हणून. प्रॉपर्टीच्या टेबलावर कागद पसरून प्रत्येक वस्तूभोवती पेननं रेघ मारली जाते: इथे चष्मा, इथे पत्र, इथे छत्री. जागा रिकामी दिसली की काय राहिलं ते विचारावं लागत नाही. संगीतवाला आणि प्रकाशवाला वर बसून आपापल्या वहीत तिच्या वहीतलं उतरवून घेतात.

आणि मग पडदा. इतके आठवडे तिनं हे नाटक समोरून पाहिलं, रोज, अगदी मधोमध बसून. आजपासून तिला ते बाजूनं दिसणार, अर्धंमुर्धं, नटांच्या पाठी आणि कानशिलं. नायिकेचा चेहरा आता प्रेक्षकांचा. तिच्या वाट्याला आवाज, पावलं आणि मांडीवरची वही. या अदलाबदलीकडे दुःख म्हणून बघायचं की सुटका म्हणून, हे तुमच्यावर सोडतो. तिला त्या वेळी चष्मा टेबलावर आलाय की नाही हे बघायचं असतं.

पहिला प्रयोग होतो. टाळ्या होतात, रंगपटात गर्दी होते, पेढे येतात, फोटो निघतात. नेपथ्य टेम्पोत चढत असतं. नायकाच्या आई कुठूनतरी वाट काढत तिच्यापर्यंत येतात, हात धरतात आणि विचारतात, "कसा झाला गं प्रयोग?"

"पहिला अंक तीन मिनिटं लांबला, काकू."